संपतकाकाची पुडी

बा, तू गेल्यानंतर विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला संपतकाका पाऊण तास बोलला. त्याच्या डोक्यावर विहाराचं घड्याळ आहे आणि मला दुसरीकडं कुठं बघायचं नव्हतं, म्हणून पाऊण तास हे अगदी बरोबर सांगते. दोनदा त्यानं पंचा डोळ्यांना लावला. तुमची दोघांची दीक्षा एकाच दिवशी झाली, दुष्काळात दोघांनी एकाच कामावर खडी फोडली, या विहाराची पहिली वीट तू ठेवलीस आणि दुसरी त्यानं ठेवली, सगळं सांगून झालं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "धम्मातला मानूस होता. शेवटी शेवटी घरच्याच मानसानं त्याले डाग लावला, पन थो सोता निर्मळ होता."

सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडं बघितलं. मी खाली बघत बसले. त्यांना वाटलं पोरीला लाज वाटली. मला हसू दाबायचं होतं, कारण माझ्या मांडीवरच्या पिशवीत त्या वेळी संपतकाकाची पुडी होती.

त्या पुडीत काय आहे हे गावात फक्त तुला आणि मला ठाऊक होतं. तू म्हणाला होतास, सांगू नको. मी तुझ्या पायावर हात ठेवून बरं म्हटलं होतं. तेव्हा तुझा पाय इतका वाळला होता की मी कशालाही बरं म्हटलं असतं.

आज तुला जाऊन एकवीस दिवस झाले. उपकेंद्रातल्या लसीकरणाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. मी तुझा शब्द मोडला, बा. ते तुझ्यापासून लपवायचं नाही. लपवण्याचा प्रकार आपल्या दोघांत एकदा झाला तेवढा पुरे.

माझं नाव तू शांता ठेवलंस. आई असताना सांगायची की पोरगी पाळण्यातच मुठी आवळून पडलेली असायची, तरी तुझा बाप म्हणाला शांताच. तुझं हे नेहमीचंच होतं. समोर असलेलं दिसायचं नाही आणि असायला हवं ते दिसायचं.

कापूस वेचणी चालू होती तेव्हा तुझं जेवण सुटलं. आधी भाकरी गेली, मग भात गेला, मग पेजसुद्धा पोटात ठरेना. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात त्यांनी पोट दाबून बघितलं, फोटो काढले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की गाठ फार पुढं गेली आहे, घरी न्या. मी नर्स आहे म्हणून मला बाजूला घेतलं. तुला कुणी काही सांगितलं नाही. बघ, तिथूनच सुरुवात झाली. तुझ्या पोटातली गाठ आणि तुलाच सोडून सगळ्यांना माहीत.

सगळ्या गावाच्या दंडात सुई टोचणारी मी, आणि घरात माझा बाप बाजेची दोरी मुठीत धरून पडलेला. आरोग्य केंद्राचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा इंजेक्शन द्यायचे, तेही आलं असलं तर. इंजेक्शनच्या दिवशी तू माणसासारखा दिसायचास. उरलेले पाच दिवस तू भिंतीकडं तोंड करून असायचास. मी शेजारच्या खोलीत भाकरी थापायची आणि तुझं कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून जरा जोरातच थापायची.

रिसोडच्या वैद्यबुवांकडं मी मुळात संपतकाकासाठी जायची, हे तुला आठवत असेल. संपतकाकाला संग्रहणी. जुना रोग, दिवसातून दहा खेपा परसाकडं. औषधांच्या साठ्यासाठी मला रिसोडला जावंच लागे, तेव्हा किन्हीराजाच्या फाट्यावरून एसटी, मालेगावला दुसरी एसटी, आणि येताना पिशवीत त्याच्या जायफळाच्या चूर्णाची पुडी. किती वर्षं आणली असेल. एकदाही विसरले नाही. त्या दिवशी वैद्यबुवांनी पुडी बांधता बांधता माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "घरी कोन आजारी हाये, पोरी?"

मी रडले. मला रडताना तू कधी बघितलं नाहीस म्हणून सांगते.

त्यांनी कुलपातला पत्र्याचा डबा काढला. परवान्याची भांग. फडक्यात बांधून पाण्यात धुवायची, हिरवं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुवायची, सावलीत वाळवायची आणि गाईच्या तुपात मंद विस्तवावर परतायची. हे सगळं त्यांनी मला दाखवलं. मी नर्स आहे म्हटल्यावर त्यांना दाखवायची हौस आली असावी. छोट्या तराजूत एका पारड्यात लाल गुंजा टाकून दुसऱ्यात औषध तोललं आणि गोळ्या वळल्या. म्हणाले, "पोट धरीन, भूक लागीन, झोप लागीन. गाठ जानार नाही. जाईन असं कोनी म्हनलं तं त्याच्या नादी लागू नको. अन् एक आइक. पोटातून घेतलेली भांग लवकर लागत नाही. एक दिली की दोन घंटे वाट पाहजो. लागली नाही म्हून दुसरी देऊ नको. हे जे सांगतो थे विसरू नको."

मी डॉक्टरांनाही विचारलं. तरुण आहेत, पुण्याकडचे, मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. म्हणाले, जुन्या पुस्तकांत याचा अर्क होता, थेंबांनी द्यायचे. मग पुस्तकांतून काढून टाकला, कारण एका पानात किती जोर आहे आणि दुसऱ्यात किती, हे कुणाला सांगता येत नाही. म्हाताऱ्या माणसाचं डोकं भरकटतं, छाती धडधडते, उठताना चक्कर येऊन माणूस पडतो. "मी लिहून देऊ शकत नाही, सिस्टर. दिलीत तर मला सांगू नका. पण नाडी बघत जा." मला तो माणूस आवडला. दोघंही माझ्याशी खरं बोलले. त्या सगळ्या प्रकरणात खोटं बोलणारी मी एकटीच.

तुला का सांगितलं नाही, हे तुला कळलंच असेल. आईनं चिलमीची गोष्ट मला शंभरदा सांगितली होती. आपल्या वस्तीतले सगळे बाप्ये संध्याकाळी गोल बसायचे आणि चिलीम फिरायची. तू त्या गोलातला पक्का. दीक्षा घेऊन आलास आणि घरात पाऊल टाकायच्या आधी चिलीम दगडावर आपटून फोडलीस. लहानकाकानं फोडली नाही. त्याला पुढं आवाज ऐकू यायला लागले आणि एक दिवस तो निघून गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणतात, त्याचं मन आधीच तडकलेलं असेल, गांजानं धक्का दिला. तू म्हणायचास, गांजानं माझा भाऊ खाल्ला. तुझ्यासाठी पाचवं शील, नशेपासून दूर राहण्याचं, हे रविवारी म्हणायचं पाली वाक्य नव्हतं. त्यात लहानकाका होता.

म्हणून मला वाटलं, विचारलं तर हा नाही म्हणणार. गोळी गुळाच्या खड्यात दाबली आणि म्हटलं, "बा, पोटाची नवी गोळी आली सरकारी. घे." तू घेतलीस. नर्स पोरीचा तुला किती अभिमान होता.

बा, ते तीन आठवडे. त्यासाठी मी त्या पानाच्या पाया पडायला तयार आहे. चौथ्या दिवशी तू अर्धी भाकरी आणि आंबाडीची भाजी खाल्लीस आणि वर ठेचा मागितलास. मी ठेचा दिला नाही तर म्हणालास, "नर्स झाली तं बापाले फिकं खाऊ घालून मारून राह्यली." तुझं तोंड सारखं कोरडं पडायचं, तांब्या उशाशी ठेवावा लागे. उठताना मी काखेत हात घालायची, कारण दोनदा तुझा झोक गेला होता. पण तू झोपायचास. दुपारी बाजेवर बसून रेडिओवरच्या बाजारभावाशी भांडायचास. कोंबडी तुझ्या टोपीत जाऊन बसली तेव्हा इतका हसलास की मला भीती वाटली. आई लग्नाआधी शेतात तुझ्यापासून लपून तुरीच्या शेंगा खायची हेही मला त्याच तीन आठवड्यांत कळलं. पाटलाच्या शेतातल्या शेंगा, आणि तुला बघून तिनं सालासकट गिळल्या. आणि विहाराच्या ओसरीचं तोंड रस्त्याकडं हवं होतं की झाडाकडं, यावर आपण चार दिवस भांडलो. ते भांडण राहिलंच. मी अजूनही म्हणते, झाडाकडं.

मग तो रविवार आला. तू म्हणालास, आज वंदना मीच घेणार. विहार बांधल्यापासून पुढच्या सतरंजीवर तूच बसत आलास. आजारपणात संपतकाका घ्यायचा आणि तुला घरात बसून त्याचे चुकलेले उच्चार ऐकू यायचे. मी तुला अंघोळ घातली, पांढरा सदरा घातला, गोळी दिली. एक तासानं विहाराच्या पायरीवर तू माझ्या कानाशी आलास. "शांते, आज सरकारी गोळी लागली नाही वं. दुखून राह्यलं." लोक आत येऊन बसले होते. तुझ्या कपाळावर घाम होता. वैद्यबुवांचं बोलणं माझ्या कानात जसंच्या तसं होतं. पण मला तू त्या सतरंजीवर ताठ बसलेला बघायचा होतास. मी दुसरी दिली.

दोन्ही गोळ्या एकदम चढल्या. सगळे डोळे मिटून बसले होते आणि तू हसायला लागलास. आधी बारीक, मग मोठ्यानं. मग एकदम गप्प झालास, छाती धरलीस आणि ओरडलास, "मायं काळीज पळून राह्यलं. धरा त्याले." तू आईला हाक मारलीस. लहानकाकाला हाक मारलीस. बायका रडायला लागल्या, कुणी बैलगाडी जुंपायला धावलं, कुणी पाणी तोंडात ओतायला लागलं. ठसका लागून तू तिथंच गेला असतास. तुझी नाडी माझ्या बोटाखाली धावत होती, पण नाडीत ताकद होती, आणि मला ठाऊक होतं की हे उतरणार. तेव्हा मी सगळ्यांसमोर ओरडले, "काही झालं नाही त्याले! भांगेची गोळी हाये. मीच देल्ली. उतरून जाईन. दूर व्हा!"

तुझा जीव वाचवायला बोलले, बा. त्याच बोलण्यानं संपतकाकाच्या हातात काठी दिली.

त्यानं आवाज चढवला नाही, हे मी विसरणार नाही. तू बाहेर ओसरीवर बाजेवर पडलेला, तुझे डोळे अजून फिरताहेत, आणि तो आत गेला, तुझी पुढची सतरंजी स्वतःच्या हातानं गुंडाळली आणि कोपऱ्यात उभी केली. म्हणाला, "आपली दीक्षा झालेला मानूस विहारात नशा करून येते. आता पोराईले काय सांगाचं?" मी म्हटलं, काका, औषध होतं, त्यांना ठाऊक नव्हतं, मारायचं तर मला मारा. तो म्हणाला, "औषध तं दारूबी असते, पोरी." आणि कमिटीनं ठरवलं की तू यापुढं वंदना घ्यायची नाही. मरणाच्या दारातल्या माणसाला ठराव. मी त्या दिवशी मनात त्याचं नाव लिहून ठेवलं.

तिसऱ्या प्रहरी तू शुद्धीवर आलास. पाणी मागितलंस. मग विचारलंस, "काय होतं थे?"

"भांग."

"किती दिस?"

"तेवीस."

तू तांब्या खाली ठेवलास. "मले इचारलं काहून नाही?"

"तू नाही म्हटला असता."

"मंग नाही म्हनू द्याचं होतं."

त्यानंतर तू पस्तीस दिवस जगलास आणि एकही गोळी घेतली नाहीस. मी पाया पडले, डॉक्टरांना घेऊन आले, ते तुझ्या बाजेवर बसले आणि म्हणाले, बाबा, आता सगळं सांगून देतो, थोडी घ्या. तू त्यांना हात जोडलेस. इंजेक्शन आलं की चांगलं, नाही आलं की बाजेची दोरी मुठीत. तू माझ्याशी बोलायचास, पण पाणी दे, खिडकी लाव, एवढंच. तुझ्यावर मला काय राग यायचा, बा. वाटायचं तुझे दात उचकटून गोळी आत टाकावी. शील तुझं होतं आणि कण्हणं मी ऐकत होते.

संपतकाका त्या पस्तीस दिवसांत एकदा आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, कसं आहे विचारलं आणि जाताना मला म्हणाला, "रिसोडले जाशीन तं माही पुडी आनजो वं." त्याला त्यात काही वाटलं नाही. मीही गेले, कारण उरलेल्या गोळ्या वैद्यबुवांना परत द्यायच्या होत्या.

आणि तिथं मला ते सापडलं. वैद्यबुवा तराजू लावून बसले होते. एका पारड्यात जायफळ, लवंग, वेलदोडा, सुंठ, असं सगळं कुटलेलं. दुसऱ्या पारड्यात त्याच पत्र्याच्या डब्यातलं हिरवं पान, आणि दोन्ही पारडी बरोबरीला आणत होते. मी विचारलं, हे कुणाचं?

"तुयाच संपतकाकाचं."

"यात भांग?"

"बाकी सगळं मिळून जेवढं, तेवढी भांग. तिनंच तं पोट धरते. बारा वर्सं झाले देऊन राह्यलो."

"त्यांना माहीत हाये?"

"त्यानं कधी इचारलं नाही. जायफळाचं चूर्न म्हनते थो. नावात जायफळ हाये, मी काहून वाद घालू?"

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून वाक्यं जुळवत होते. विहारात उभी राहीन. पुडी सगळ्यांसमोर उघडीन. पोरांना वास घ्यायला लावीन. सतरंजी कशी गुंडाळायची ते त्यालाच दाखवायला सांगीन. मालेगावला दुसरी एसटी लागली होती आणि माझ्या लक्षातच आलं नाही, कंडक्टरनं हाक मारली तेव्हा धावले. कित्येक दिवसांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

घरी आल्या आल्या तुला सांगितलं. मला वाटलं तू उठून बसशील. तू हसलास, पोटाला हात लावून, दुखलं तरी हसलास. मग म्हणालास, "संपतले सांगू नको."

"काहून?"

"थो सोडून देईन. मंग त्याचं पोट बिघडीन. लय हाल होते त्याचे. मी पाह्यले हायेत."

"अन् तुये हाल?"

"सांगू नको म्हनलं ना."

तेव्हा मी भडकले. मी म्हटलं, मी तुला न सांगता दिली तर ते पाप, आणि त्याला न सांगता देत राहायची तर ते पुण्य? तुला विचारायला हवं होतं आणि त्याला नको? बापाला एक न्याय आणि त्याला एक? तू भिंतीकडं वळलास. मग हात मागं करून माझा हात शोधलास आणि पायावर नेऊन ठेवलास. मी बरं म्हटलं. उत्तर तू दिलंच नाहीस, बा.

पाच दिवसांनी सकाळी, मी तुझी दाढी करायला पाणी गरम करत होते, तेव्हा तू गेलास.

तर हे असं. त्या धावपळीत पुडी माझ्या पिशवीतच राहून गेली. त्यानंतर त्या माणसाचं पाऊण तासाचं भाषण ऐकलं आणि घरच्या माणसाचा डागही ऐकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेले. पुडी घेऊन येते असं आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलं होतं, म्हणून तो ओट्यावर बसला होता, हातात ताकाचा पेला तयार. आत काकू भाकरी थापत होती. त्यानं हात पुढं केला. मी पुडी दिली नाही.

"काका, घ्याच्या आधी यात काय हाये थे आइका."

सगळं सांगितलं. तराजू, पान, बारा वर्षं. विहारात सांगायचं होतं, पण तिथं तो ओरडला असता आणि लोक मधे पडले असते. मला त्याचं तोंड जवळून बघायचं होतं.

"खोटं बोलून राह्यली तू."

"वैद्यबुवाले इचारा. दुपारी एसटी हाये."

त्यानं पेला खाली ठेवला. आतल्या भाकरीच्या आवाजाकडं एकदा बघितलं. "कोनाले सांगतलं?"

"बाले."

"थो काय म्हनला?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. तू शिव्या दिल्यास, थुंकलास, काहीही. पण खरं तेच जास्त लागणार हे मला दिसलं. मी म्हटलं, "म्हनला, संपतले सांगू नको. त्याचं पोट बिघडीन, हाल होतीन."

बा, तुझी माया मी त्याच्या छातीत सुरीसारखी खुपसली. त्याचं तोंड पिठासारखं झालं. खांद्यावर पंचा होता, पण या वेळी तो डोळ्यांना लागला नाही. मी पुडी ओट्यावर ठेवली आणि उभी राहिले. मला बघायचं होतं तो ती कुठं फेकतो. मी म्हटलं, "आता ठाऊक झालं. तुमचं तुमी ठरवा."

मग त्यानं पुडी उचलली. हातात धरली, अंगठ्यानं दाबली. आणि बंडीच्या खिशात घातली.

"मले वाटलं फेकान," मी म्हटलं.

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुले नाही समजनार. दहा दहा खेपा. धोतर भरते. मानूस मानूस राहत नाही, पोरी."

"अन् बा कोन होता?"

तुम्हा दोघांनाही माझ्या प्रश्नांना उत्तर द्यायची सवय नाही.

परवाच्या रविवारी मी विहारात सगळ्यांत पुढं बसले, त्याच्या अगदी समोर. त्यानं कोपऱ्यातली तुझी सतरंजी आणून पसरली आणि तिच्यावर न बसता बाजूला फरशीवर बसला. लोकांना वाटलं मित्राचा मान ठेवला. वंदना झाली, शीलं सुरू झाली. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं त्यानं म्हटलं. पाचव्याला मी त्याच्या ओठांवर डोळे रोखले. ओठ हलले नाहीत. लोक आपलं आपलं म्हणून मोकळे झाले, कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याला ठाऊक होतं की माझ्या लक्षात आलं. पुढच्या रविवारीही मी तिथंच बसणार आहे, आणि त्याच्या पुढच्याही. मला आनंद झाला, बा. तुझ्यापाशी कशाला साळसूदपणा करू? घरी आले आणि ठेचा करून पोटभर जेवले.

मग भांडी घासताना तो खिसा डोळ्यांसमोर आला. अंगठ्यानं दाबून दाबून शेवटी पुडी आत गेलीच. त्यालाही तेच शील होतं, तोच दिवस होता दीक्षेचा, त्यानंही तुझ्यासोबत चिलीम फोडली होती. आणि सगळं कळल्यावर त्यानं ती घेतली. तेव्हापासून मी हातातलं काम सोडून उभी राहते. पहिल्याच दिवशी बाजेवर बसून मी तुला म्हटलं असतं, बा, गाठ आहे, जाणार नाही, ही भांग आहे, दुखणं कमी होईल, तू ठरव. तू रात्रभर विचार केला असतास. डॉक्टरांना विचारलं असतंस, लहानकाकाची आठवण काढून रडला असतास. आणि मग कदाचित तूही हात पुढं केला असतास. मग ठराव नसता, सतरंजी गुंडाळली गेली नसती, ते पस्तीस दिवस तसे गेले नसते.

कदाचित नाही म्हणाला असतास. ते तुलाच ठाऊक, आणि तू सांगून गेला नाहीस, कारण त्या वेळी मी विचारलं नव्हतं. ज्याचा सूड घ्यायचा होता त्याच्यासमोर मी सगळं मांडलं आणि तुमचं तुम्ही ठरवा म्हटलं. माझ्या बापाला मी गुळात घालून दिलं.